बिनउखाण्याचं नाव

१२ जून २०२४

रामलिंग,

आशीर्वाद. मी रागात आहे, पण आधी आशीर्वाद आणि मग भांडण, ही आपल्या घरची रीत.

फोन तू कापतोस. परत लावायचा म्हणजे परत कापून घ्यायचा. म्हणून काल देवणीला जाऊन जर्मनीला पत्र कसं जातं ते विचारून आले. पोस्टातल्या माणसानं विचारलं, "बाई, पोरगं फोन उचलंना का?" मी म्हणाले, "उचलतंय की. मलाच अक्षर गिरवायची हौस हाय." तुझ्यापायी सरकारी माणसाशी खोटं बोलून आले.

तुझ्या बायकोला परीक्षेत चोपन्न गुण पडले. साठ लागत होते. त्याला आता महिना होत आला. बायकोला तिकडं न्यायचं तर तिला जर्मन भाषेची पहिली परीक्षा पास व्हावी लागते, हे तूच सांगितलं होतंस. ती सहा महिने मान मोडून अभ्यास करत होती. निकाल कळल्यावर तू फोनवर काय म्हणालास, ते मी चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकलं. "एवढी पहिली पायरी जमंना तर राहू दे सगळंच. राहा तिकडंच." पुनमनं फोन बंद करून उशाखाली ठेवला. मग मी माझ्या फोनवरून तुला चार शब्द सुनावले. तेव्हापासून तू माझ्यावरही रुसलास.

सगळंच राहू दे म्हणजे काय रे? लग्न पण राहू दे का?

तू शिकलास तेव्हा लातूरला खोली करून राहिलास. क्लास होता, शिकवायला सर होते, संध्याकाळी चहाच्या टपरीवर बरोबरीची पोरं होती. हिला काय आहे? एक मोबाईल. त्यात एक फुकटचं ॲप, जर्मन लोकांनी इंटरनेटवर टाकलेला एक कोर्स, आणि एक व्हिडिओवाल्या बाई, ज्या सावकाश बोलतात आणि उगीच हसतात. वरून मी, भाकरी मागणारी.

परवा व्याही आले होते. चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. म्हणाले, "दसऱ्यापोतर बघताव. तवर जमलं तर जमलं. न्हाई तर पोरीला उदगीरला घेऊन जाताव." पुनम आत उभी होती. तिच्या बापाला मी आणखी अर्धा कप चहा दिला, कारण माझी पोरगी असती तर मीही हेच म्हणाले असते.

तीच परीक्षा परत चौदा सप्टेंबरला पुण्यात आहे. फॉर्म भरला. आणि ऐक, मीसुद्धा जर्मन शिकायला बसले आहे. हसू नकोस. तुझी आजी कानडी मुलखातली, हे तुला माहीतच आहे. तिला मराठी रागावण्यापुरतीच यायची. मी बाविसाव्या वर्षी या घरात आले आणि वर्षाच्या आत कानडी शिकले, तीही शिव्या ऐकून. मला तर कोणी व्हिडिओ दाखवले नव्हते. शिवाय अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे मी. मुकी येणारी लेकरं बोलती करून शाळेत पाठवली. तुझी बायको तर सव्वीस वर्षांची आहे.

तुझी माय

७ जुलै २०२४

रामलिंग,

पत्र मिळालं म्हणून तू मोबाईलवर अंगठा पाठवलास. नुसता अंगठा. तुला पाटीवर अक्षरं शिकवली ती अंगठा उठवायला का? तरी बरं वाटलं. कापण्यापेक्षा अंगठा बरा.

आमचं काय चाललंय ते सांगते. घरातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली आहे. दाराला, तांब्याला, खिडकीला, चुलीला. गाय काही चिठ्ठी लावून घेईना, एक तर खाऊनच टाकली, म्हणून तिची चिठ्ठी गोठ्याच्या खांबाला अडकवली. त्या भाषेत प्रत्येक वस्तू बाई, बाप्या नाही तर लेकरू असते, आणि कोण काय ते पाठच करावं लागतं. पुनमचा त्यात गोंधळ व्हायचा. अंगणवाडीत आम्ही रंगांनी शिकवायचो. मग मला माझ्या टिकल्यांची पाकिटं आठवली. तुझे आप्पा गेल्यापासून कपाटात तशीच पडून होती. लाल टिकली बाईला, निळी बाप्याला, हिरवी लेकराला. आता घरातली सगळी भांडीकुंडी टिकली लावून बसली आहेत. मी सोडून सगळ्यांना टिकली, असं पुनमला म्हणाले, तर ती हसली नाही. तिनं एक हिरवी टिकली माझ्या चष्म्याच्या दांडीला लावली. तशीच आहे अजून.

सकाळी गाईची धार काढून झाली की मी ॲपवर दहा मिनिटं बसते. एक दिवस चुकला की ते ॲप रडकं तोंड दाखवतं. तुझ्यापेक्षा त्याला माझी जास्त काळजी आहे. दुपारी दोघी मिळून कोर्सचा एक धडा ऐकतो. रविवारी संध्याकाळी ऑनलाइन बोलण्याचा गट असतो, कुठून कुठून माणसं येतात. पुनम त्यात बोलते आणि मी पडद्याच्या बाहेर बसून ऐकते. नमुन्याचे पेपर मोबाईलवरून उतरवून घेतले आहेत. वाचण्यात आणि लिहिण्यात ती पक्की आहे. ऐकण्यातही बरी आहे. पुण्याच्या पहिल्या खेपेच्या निकालात बोलण्याचे गुण मात्र सगळ्यांत कमी आहेत. का, ते विचारलं की म्हणते, "घाबरले व्हते." त्यापुढं बोलत नाही. इथं तर घाबरत नाही. मी खुर्चीवर बसते, परीक्षा घेणारी बाई म्हणून. ती समोर उभी राहून नाव, वय, गाव, भाषा सगळं घडाघडा सांगते. कुटुंबाची चिठ्ठी निघाली की तुझ्यापाशी येऊन "हं" म्हणते आणि खाली बघून पुढं जाते. तुझं नाव तोंडातून काढत नाही. खोटं कशाला बोलू, मला ते बघून बरंच वाटतं. आजकालच्या पोरींत हे वळण कुठं राहिलंय, असं मी शेजारच्या केवळाबाईला सांगितलं सुद्धा.

आप्पांना जाऊन परवा वर्ष झालं. पिंडीच्या देवळात अभिषेक केला. तू असतास तर बरं झालं असतं. पुनमनं सगळ्यांना वाढलं, शेवटी एकटी जेवली. जेवताना तुझ्या फोनची वाट बघत होती, हे मला दिसत होतं. फोन आला नाही.

एवढं कळव की तू नीट जेवतोस का. अंगठा चालेल.

तुझी माय

१५ ऑगस्ट २०२४

रामलिंग,

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. दोनदा फाडलं.

सोमवारी पुनमला समोर बसवून नीट विचारलं, "पुण्यात काय झालं ते सांग. मी तुझी सासू हाय, पोलीस न्हाई."  मग ती बोलली.

चार जणांना एका टेबलाशी बसवलं होतं. चिठ्ठ्या उचलायच्या, त्यावर प्रश्न विचारायचे, उत्तरं द्यायची. परीक्षा घेणाऱ्या एक बाई होत्या. वयस्कर, जाड चष्मा, सुती साडी, केस माझ्यासारखे अर्धे पांढरे. त्यांनी विचारलं, "वी हाइस्ट ईअर मान?" म्हणजे तुमच्या नवऱ्याचं नाव काय. एवढा सोपा प्रश्न.

"मला समोर तुम्हीच बसल्यावानी दिसल्या, आत्याबाई," पुनम म्हणाली. "नाव तोंडापोतर आलं आन् गिळलं. त्यान्ला वाटलं मला प्रश्न कळला न्हाई. त्यान्नी पुना विचारलं, सावकाश. मी 'हं' म्हणले. बाजूची पोरगी हसली. मग मला काहीच येईना. पाणी मागायचं वाक्यबी इसरले."

लग्नापासून ती तुझ्या नावापाशी माझ्यासमोर "हं" म्हणत आली होती. तोंडाला तीच सवय लागली. आणि आता खुर्चीवर बसून मीच ती पक्की करत होते.

आता जे दोनदा फाडलं ते लिहिते. तुमच्या लग्नाच्या चौथ्या दिवशी अंगणात पाहुणे बसले होते. नवी नवरी आतून आली आणि सरळ म्हणाली, "रामलिंग, चहा घेणार का?" उदगीरच्या कॉलेजात शिकलेली पोरगी, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या घरात कुत्र्याला नावानं हाक मारतेत, नवऱ्याला न्हाई." पाहुणे हसले. तिचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून तिनं तुझं नाव माझ्यासमोर घेतलेलं नाही. आणि मी त्याला वळण म्हणत आले. खुर्चीत तूही बसला होतास. तू मोबाईलमध्ये डोकं घातलंस.

साठाला सहा गुण कमी पडले ना? ते सहा गुण मी खाल्ले. तू बघत बसलास. त्या पोरीला दोष देऊ नकोस. हे मी तुला फोनवर सांगू शकले नसते, तू कापला नसतास तरी.

मी तिला म्हणाले, "माझी परवानगी हाय, घे नाव." ती "रा" पर्यंत आली आणि हसायला लागली. मी पाठ करून बसले. मग गोठ्यात जाऊन उभी राहिले, तिथून "आता घे" म्हणून ओरडले. आतून बारीक आवाज आला, तो मलाच ऐकू आला नाही तर परीक्षेला काय येणार? मग ती म्हणते, "आत्याबाई, उखाण्यात घेऊ का? उखाण्यात येतंय मला." मी म्हणाले, "घे की. तवर ती पुण्याची बाई हातात अक्षता घिऊन उभी ऱ्हाईल." दोघी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर ती रडली. परीक्षेला एक महिना राहिला आहे.

तुझी माय

८ सप्टेंबर २०२४

रामलिंग,

परवा तू पुनमला मेसेज केलास, "अभ्यास कसा चाललाय?" तिनं तो मला दाखवला नाही, पण त्या दिवशी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं, त्यावरून मी ओळखलं. चांगलं केलंस.

आमचं नावाचं कोडं सुटलं. कसं ते सांगते.

अंगणवाडीत नवं लेकरू येतं, भिंतीला पाठ लावून बसतं, तोंड उघडत नाही. त्याला "बोल, बोल" म्हटलं की ते आणखी घट्ट मिटतं. बाईनं आधी स्वतः वेडंवाकडं गाणं म्हणायचं, चुकायचं, हसायचं. मग ते हळूच तोंड उघडतं. अठ्ठावीस वर्षं केलेलं काम, आणि मला तीन आठवडे आठवलं नाही. मी तिला नाव घे म्हणत होते. मी कुठं घेतलं होतं?

तुला आठवतं का, आमच्या अंगणवाडीत एक पोरगा होता, त्याला मी "बाळ्या" म्हणायची? त्याचं खरं नाव तुझ्या आप्पांचंच होतं, नुसता शेवटचा "प्पा" नव्हता. हजेरीत सगळ्यांची नावं वाचायची आणि त्याच्यापाशी आले की नुसती त्याच्याकडं बघायची. तो "हजर बाई" म्हणायचा. देवळाचं सुद्धा तेच. सगळं गाव देवाचं नाव घेतं, मी आपली पिंडीचं देऊळ म्हणते. कागदावर लिहायला मनाई नव्हती, म्हणून सहीत आप्पांचं नाव हजार वेळा लिहिलं. तोंडानं घेतलं ते उखाण्यात तेवढं, तेही चार बायकांनी रेटल्यावर. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तुझ्या आजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी घाबरले. छत्तीस वर्षं गिळत राहिले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुनमला म्हणाले, "आज तू खुर्चीवर बस. मी उभी ऱ्हाते." तिला माझा चष्मा घातला, हिरव्या टिकलीसकट. ती बसली, पण खुर्चीच्या काठावर. मी म्हणाले, "नीट टेकून बस, परीक्षा घेणारी बाई अशी बसत न्हाई." मग तिनं नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग तिनं खाली बघत विचारलं, "वी हाइस्ट ईअर मान?"

माझ्या तोंडून निघालं, "माइन मान हाइस्ट… हं."

पुनम म्हणाली, "आत्याबाई, नापास." आणि परत विचारलं.

रामलिंग, मराठीत मला ते जमलं नसतं. कानडीतही नसतं. दोन्ही भाषांत माझी सासू बसली आहे, डोळे वटारून. जर्मन भाषेत मला कोणी दटावलेलं नव्हतं. मी दाराची चौकट धरली, त्यावर निळी टिकली होती, आणि म्हणाले, "माइन मान हाइस्ट महादेवप्पा."

मोठ्यानं म्हणाले. बिनउखाण्याचं.

वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. गाय रवंथ करत होती. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि मला फार राग आला. आयुष्य वाढावं म्हणून नाव घेतलं नाही, आणि तरी आप्पा चौसष्टाव्या वर्षी गेलेच की. मग एवढी वर्षं मी कशाला गप्प बसले? त्यांना शेतावरून बोलवायचं तर मी "अहो ऐकलं का" म्हणत बांधापर्यंत पळत जायची. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांचे डोळे मिटलेले होते. नर्स म्हणाली, "नावानं हाक मारा, ओळख देतील." मी नुसता हात दाबत राहिले. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

पुनम खुर्चीवरून उठून माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसली. चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी तो घातला आणि रडत रडत विचारलं, "वी हाइस्ट ईअर मान?"

"माइन मान हाइस्ट रामलिंग," ती म्हणाली. केवळाबाई भिंतीवरून डोकावली, काय झालं म्हणून. पुनमनं तिच्याकडं बघून परत म्हटलं, "रामलिंग. माझ्या नवऱ्याचं नाव रामलिंग हाय, मावशी." केवळाबाई माझ्याकडं बघायला लागली, आता ही सुनेला काय बोलते म्हणून. मी म्हणाले, "बराबर हाय. शंभरपैकी शंभर."

शनिवारी परीक्षा आहे. मी बरोबर जाते आहे, बाहेर बसेन.

तुझी माय

२ फेब्रुवारी २०२५

रामलिंग,

हे पत्र पोस्टानं येत नाही. पुनमच्या पिशवीत, शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याखाली आहे. तेल लागलं असेल तर चालवून घे.

एक्क्याऐंशी गुण. निकाल कळला त्या दिवशी व्याही स्वतः पेढे घेऊन आले आणि या वेळी बिस्किटंही खाल्ली. व्हिसाचे कागद करताना तू रोज फोन करत होतास. मधे एकदा मला म्हणालास, "माय, माझं चुकलं." मी ऐकू आलं नाही असं केलं, परत म्हणावंस म्हणून. तू परत म्हणालास. आता त्यावर बोलणं नाही.

पुनम म्हणत होती, तुम्ही उदगीरला आमच्याकडं राहा, एकट्या कशाला राहता. गाय कोण बघणार? आणि मी एकटी कुठं आहे, ॲप आहे, रविवारचा गट आहे. आता मी पडद्यावर येते. परवा तिथल्या एका पोरानं विचारलं, तुम्ही जर्मन कशासाठी शिकता? सगळे नोकरी, व्हिसा सांगतात. मला काही सांगता येईना, कारण तेवढी वाक्यं अजून झाली नाहीत. चिठ्ठ्या मी काढलेल्या नाहीत. खोटं नाही सांगत, पुनमची खोली झाडताना आज सकाळपासून दोनदा झाडू ठेवून बसले. तिची सवय झाली आहे रे.

काल सांजच्याला गोठ्यापाशी उभी राहून शेताकडं तोंड केलं आणि हाक मारून बघितली. "महादेवप्पा!" चांगली बांधापर्यंत गेली असेल. गाईनं मान वर केली, बाकी कोणी नाही. छत्तीस वर्षांत एकदा जरी अशी मारली असती, तर खुरपं टाकून आले असते ते. मी ओळखते त्यांना.

तू हे वाचशील तेव्हा पुनमनं तुला विमानतळावर चार माणसांत नावानं हाक मारली असेल. मीच तसं सांगून पाठवलं आहे. आता घरातही मारेल. कामात असशील, मोबाईलमध्ये असशील, रागात असशील, तरी ऐकलं की आधी ओ देत जा.

तुझी माय,
कस्तुराबाई महादेवप्पा